बाणाच्या वर लिहिलेलं

आजचा भाग थोडा लांब आहे. बसमध्ये इयरफोन लावून ऐकत असाल तर एक विनंती: मध्ये एक छोटं गणित येईल, तेवढं घरी गेल्यावर कागदावर करून बघा. वाचत असाल तर लगेच करा.

गेल्या महिन्यात तीन-चार जणांनी जवळपास एकच प्रश्न पाठवला. "मॅम, एमएस्सी ऑरगॅनिकला आहे. सुझुकी, हेक, नेगिशी, सगळ्यांच्या सायकल पाठ आहेत. पण इंटरव्ह्यूला गेलं की विचारतात, हातानं काय केलंय? आणि मी गप्प बसतो."

मी निफाड तालुक्यातली. एमएस्सी नाशिकला केलं, मग सहा वर्षं वापीला प्रोसेस डेव्हलपमेंटच्या लॅबमध्ये होते. आता नाशिकला परत आलेय आणि शनिवार-रविवार एमएस्सीच्या मुलामुलींना प्रॅक्टिकल शिकवते. शाळेत आपण 'उत्प्रेरक' म्हणायचो. छान शब्द आहे, पण लॅबमध्ये कोणी म्हणत नाही, म्हणून मीही आज कॅटॅलिस्टच म्हणणार आहे.

तर आपण अभिक्रिया कशी लिहितो? डावीकडे काय घेतलं ते, उजवीकडे काय मिळालं ते, मध्ये बाण. आणि कॅटॅलिस्ट? तो बाणाच्या वर, बारीक अक्षरात. समीकरण बॅलन्स करताना त्याला कोणी मोजत नाही. परीक्षेत तो लिहिला की अर्धा मार्क, विसरला की अर्धा मार्क गेला. माझं म्हणणं एवढंच आहे की कंपनीत तुम्हाला जो पगार मिळतो, तो बऱ्याचदा या बाणाच्या वरच्या बारीक अक्षरांचा असतो. त्याचा हिशोब ठेवता येतो का, हेच ते विचारत असतात.

नाशिकचंच उदाहरण घेऊ. ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना भुरी सांगायला नको. भुरीवर जी औषधं वापरतात त्यात एक आहे बॉस्कॅलिड. डब्यावरचं बारीक अक्षर वाचलंत तर पायराक्लोस्ट्रोबिनच्या जोडीला हे नाव दिसेल. हे बॉस्कॅलिड बनतं कसं? एका बाजूला क्लोरोनायट्रोबेन्झिन, दुसऱ्या बाजूला क्लोरोफिनाइल बोरॉनिक अ‍ॅसिड, आणि दोन बेन्झिनची कडी एकमेकांना जोडायला पॅलेडियम. म्हणजे तुमची पाठ केलेली सुझुकी! जगात वर्षाला हजार टनांहून जास्त बॉस्कॅलिड या मार्गानं बनतं. २०१० साली हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या जोडणीसाठी. ज्या पोरानं सुट्टीत वडिलांबरोबर ब्लोअरवर बसून फवारणी केलीय, त्यानं सुझुकीचं प्रॉडक्ट हाताळलेलं असू शकतं. फक्त त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

पुढची पायरी आणखी मजेशीर आहे. जोडणी झाल्यावर रेणूवर एक नायट्रो गट असतो, त्याचा अमाइन करायचा. पुस्तकात लिहिलंय, हायड्रोजन आणि पॅलेडियम ऑन कार्बन. पण त्याच रेणूवर क्लोरिनही बसलाय, आणि पॅलेडियम क्लोरिनही काढून टाकू शकतो. मग नायट्रो गेला, क्लोरिनही गेला, आणि औषध राहिलं नाही. म्हणून अशा जागी लोक प्लॅटिनमकडे किंवा रेनी निकेलकडे वळतात, तापमान आणि दाब जपून ठेवतात, टीएलसीवर नजर ठेवतात. हे 'जपून' म्हणजे किती, ते फळ्यावर शिकवता येत नाही.

आता ते गणित. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बॅचला मी पहिल्या दिवशी हेच देते. तुमच्याकडे १० मिलिमोल पदार्थ आहे. १ मोल टक्का पॅलेडियम टाकायचाय. बाटलीवर लिहिलंय '१० टक्के पॅलेडियम ऑन कार्बन, ५० टक्के वेट'. किती वजन घ्याल?

करा. १० मिलिमोलचा १ टक्का म्हणजे ०.१ मिलिमोल. पॅलेडियमचा अणुभार १०६.४, म्हणजे साधारण १०.६ मिलिग्रॅम पॅलेडियम. पावडरीत तो १० टक्केच आहे, म्हणून १०६ मिलिग्रॅम कोरडी पावडर. आणि बाटलीतली निम्मी तर पाणीच आहे, म्हणून २१२ मिलिग्रॅम. दहापैकी सहा-सात जण शेवटचा दुप्पट करायला विसरतात. काही जण थेट १०.६ मिलिग्रॅम काळी पावडर तोलायला निघतात, म्हणजे हवं त्याच्या विसाव्या भागाइतकी. मग रात्री अकरापर्यंत टीएलसी मारत बसतात आणि म्हणतात, मॅम, रिअ‍ॅक्शन चालत नाहीये.

ती का चालत नाही, हे सायकल पाठ असल्यानं कळत नाही.

आणि आता ज्यासाठी मी हा भाग केला, ते. पॅलेडियम ऑन कार्बन दिसतो कोळशाच्या भुकटीसारखा, निरुपद्रवी. पण कोरडी पावडर, मिथेनॉलची वाफ आणि हवा हे तिघं एकत्र आले की ठिणगी लागत नाही, आपोआप पेट घेतो. आणि वापरलेला कॅटॅलिस्ट नव्यापेक्षा जास्त घातक, कारण त्यानं हायड्रोजन पोटात धरून ठेवलेला असतो. मी ज्या कंपन्यांत वावरले त्यांपैकी एकीत मी हे समोर पाहिलंय. फिल्ट्रेशन संपलं, व्हॅक्यूम तसाच चालू राहिला, फनेलमधला काळा थर हवा ओढून ओढून कोरडा झाला, आणि कडेनं लाल होत होत भप्पकन पेटला. ऑपरेटर अनुभवी होता, त्यानं ओला गोणपाट टाकला आणि निभावलं. शेजारी मिथेनॉलचा ड्रम उघडा असता तर मी आज हे हसत सांगितलं नसतं.

म्हणून क्रम. हे घरी करायचं नाही, कॉलेजातही सरांशिवाय आणि फ्यूम हूडशिवाय करायचं नाही, पण क्रम मात्र झोपेतही आठवायला हवा. फ्लास्कमध्ये आधी नायट्रोजन फिरवायचा. मग ओला कॅटॅलिस्ट, शक्यतो पाण्यात भिजलेलाच. त्यानंतर सॉल्व्हंट. सॉल्व्हंटनं भरलेल्या फ्लास्कमध्ये वरून कोरडी पावडर भुरभुरायची नाही, अपघात तिथेच होतात. मग व्हॅक्यूम आणि नायट्रोजन, तीन वेळा. त्यानंतरच हायड्रोजनचा फुगा. काम झालं की उलटा प्रवास: हायड्रोजन काढा, पुन्हा तीन वेळा नायट्रोजन, मग आधीच ओल्या केलेल्या सेलाइटच्या थरातून गाळा. आणि गाळताना थर कधीही कोरडा पडू द्यायचा नाही. शेवटचा थेंब ओढायचा मोह होतो, प्रॉडक्ट वाया जाईल असं वाटतं. थोडं सॉल्व्हंट ओता आणि पुन्हा धुवा, पण हवा ओढू नका. मग थर पाण्याखाली, बरणीत, झाकण आणि लेबल लावून. कचऱ्याच्या डब्यात टिश्यू पेपरवर टाकलात तर रात्री वॉचमनला फायर ब्रिगेडला फोन करावा लागेल.

इतकं करून त्या बरणीचं काय? इथे मी मुलांना सराफ बाजारातले झारेकरी सांगते. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, राख, माती विकत घेऊन ती धुऊन सोन्याचे कण काढणारी माणसं. नव्या पिढीला हा शब्दच माहीत नाही. पॅलेडियमचंही तसंच आहे. किलोनं वापरणारी कंपनी वापरलेला कॅटॅलिस्ट फेकत नाही, तो पाण्यात ओला ठेवून रिफायनरकडे पाठवते. नवी मुंबईच्या हिंदुस्तान प्लॅटिनमसारख्या कंपन्या हेच काम करतात, नवा कॅटॅलिस्ट विकतात आणि जुन्यातला धातू परत काढतात. किती गेला, किती परत आला, मधला कुठे गेला, याचा तक्ता असतो. त्या तक्त्यातला 'मधला' बहुतेक वेळा फिल्टर पेपरवर, रिअ‍ॅक्टरच्या भिंतीवर नाहीतर प्रॉडक्टमध्ये असतो.

प्रॉडक्टमध्ये गेला असेल तर वेगळंच दुखणं. निर्यातीची द्राक्षं करणाऱ्या घरातल्या मुलांना हे मला समजावून सांगावं लागत नाही. २०१० साली सीसीसीच्या अंशामुळे, म्हणजे क्लोरमेक्वाटमुळे, आपल्याकडची द्राक्षं युरोपात अडकली होती. कंटेनरचे कंटेनर. रेसिड्यू म्हणजे काय आणि पीपीएम म्हणजे काय हे नाशिक जिल्ह्यानं तेव्हा खिशाला चटका लावून शिकलंय. औषधातल्या पॅलेडियमला तसाच नियम आहे. तोंडावाटे घ्यायच्या औषधातून माणसाच्या पोटात दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम जाता कामा नये, असं औषध उद्योगाचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व सांगतं. रोजचा डोस १० ग्रॅम धरला तर हे झाले १० पीपीएम. म्हणजे तुमची सुझुकी ९५ टक्के यील्डनं झाली, प्रॉडक्ट पांढरंशुभ्र दिसतंय, तरी काम संपलेलं नाही. न दिसणारा धातू काढायचाय आणि तो निघाला हे मोजून दाखवायचंय.

न दिसणाऱ्यावरून एक गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. २००३ साली निकोलस लेडबीटर यांच्या गटानं जाहीर केलं की पाण्यात, मायक्रोवेव्हमध्ये, सोडियम कार्बोनेट घालून सुझुकी पॅलेडियमशिवाय होते. केवढी मोठी बातमी! पॅलेडियमच नको म्हटल्यावर खर्चही गेला आणि रेसिड्यूही गेलं. पण ते तिथे थांबले नाहीत, तपासत राहिले. २००५ साली त्यांनीच लिहिलं की बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्येच पॅलेडियम होता. किती? १०० कोटी भागांत ५० भागांपर्यंत. म्हणजे ५० पीपीबी. धुण्याच्या सोड्यातला, कोणी न टाकलेला पॅलेडियम काम करून जात होता. स्वतःच्या पेपरवर स्वतःच असं लिहायला हिंमत लागते, आणि मोजायची सवय लागते.

म्हणून माझ्याकडे नियम आहे. प्रत्येक कॅटॅलिस्टच्या प्रयोगाशेजारी एक ब्लँक. सगळं तेच, तेवढंच तापमान, तेवढाच वेळ, फक्त कॅटॅलिस्ट नाही. आपल्या एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला टर्नरी मिक्सचर वेगळं करण्यात तास जातात, प्रिपरेशन होतात, पण ब्लँक कोणी लावत नाही, कारण ब्लँकमधून काही मिळत नाही आणि मार्क तर मिळालेल्या पदार्थाला असतात. ब्लँकसाठी नवा मॅग्नेटिक बार घ्या, हेही सांगून ठेवते. जुन्या बारचं पांढरं टेफ्लॉन काळपट पडलेलं असतं ना, त्या भेगांत मागच्या प्रयोगाचा धातू बसलेला असतो. तो तुमच्या ब्लँकला प्रॉडक्ट काढून दाखवतो आणि तुम्ही नोबेलची स्वप्नं बघायला लागता.

"पण मॅम, आमच्या कॉलेजात हायड्रोजनचा सिलिंडरच नाही." बऱ्याच ठिकाणी नाही. आणि सुरक्षेची सोय नसेल तर नसलेलाच बरा. तरी तीन गोष्टी होतात.

पहिली, अमोनियम फॉर्मेट. हे मीठ आणि पॅलेडियम ऑन कार्बन मिळून फ्लास्कमध्येच हायड्रोजन पुरवतात. नायट्रोचा अमाइन होतो, सिलिंडर लागत नाही. आगीचे नियम मात्र सगळे तेच. आणि कंडेन्सरकडे लक्ष ठेवा, वरच्या थंड भागात पांढरं मीठ साचून तोंड बंद होऊ शकतं. सिस्टिम बंद करायची नाही, वायू बाहेर जायला वाट हवी.

दुसरी, पाण्यातली सुझुकी. आयोडोफिनॉल, फिनाइल बोरॉनिक अ‍ॅसिड, पोटॅशियम कार्बोनेट, चिमूटभर पॅलेडियम ऑन कार्बन आणि पाणी. अर्धा तास रिफ्लक्स. थंड करून अ‍ॅसिड घातलं की घन पदार्थ खाली बसतो, काळ्या कॅटॅलिस्टसकट. गाळून घ्या. मग मिथेनॉलमध्ये प्रॉडक्ट विरघळतं, कॅटॅलिस्ट मागे राहतो. पुन्हा गाळा, आणि गाळताना मघाचं सगळं आठवा: मिथेनॉल, पॅलेडियम, हवा. गाळलेल्यात पाणी घातलं की पांढरं फिनाइलफिनॉल येतं. वितळणबिंदू १६५ अंशांच्या आसपास आला की समजा जमलं. ही अभिक्रिया मी कितीतरी वेळा करून घेतलीय आणि तरी पहिल्यांदा पांढरं येताना बघणाऱ्या मुलाचं तोंड बघायला मला दर वेळी मजा येते.

तिसरी, ज्यात धातूच नाही. प्रोलिन, साधं अमिनो आम्ल. अ‍ॅसिटोन आणि नायट्रोबेन्झाल्डिहाइड, त्यात ३० मोल टक्के एल-प्रोलिन. २००० साली बेन्यामिन लिस्ट यांनी हे दाखवलं आणि २०२१ साली त्यांना आणि डेव्हिड मॅकमिलन यांना नोबेल मिळालं. उजवा-डावा रेणू समान न येता एक जास्त येतो, आणि तो किती जास्त हे कॉलेजच्या धूळ खात पडलेल्या पोलरिमीटरवर ढोबळमानानं कळतं. असा उजवा-डावा शिकवायला नाशिकइतकं योग्य गाव नाही खरं तर. वायनरीच्या टाकीत तळाला जे स्फटिक साचतात ते टार्टारिक आम्लाचं मीठ. त्याच आम्लाच्या मिठाचे स्फटिक वेगळे करूनच पाश्चर यांनी १८४८ साली उजवा-डावा ओळखला, आणि त्याच आम्लाचा एस्टर टायटॅनियमबरोबर वापरून शार्पलेस यांनी १९८० साली एपॉक्सिडेशन बसवलं. चिंचेतही तेच आम्ल आहे, हे आईला सांगा.

आता ओजेटी. २०२३-२४पासून नव्या धोरणात एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग आलं. ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास. कल्पना चांगली आहे. पण सातपूर, अंबड, सिन्नर बघा: इंजिनीअरिंग भरपूर, औषधाचे कारखाने आहेत तेही बरेचसे गोळ्या-इंजेक्शनं बनवणारे. रेणू जोडण्याचं काम नाशिकपेक्षा तारापूर, महाड, कुरकुंभ, पेठवरून घाट उतरलं की वापी, तिथे जास्त. त्यामुळे ओजेटीत मुलं क्यूसीमध्ये उभी राहतात, पीएच बघतात, सर्टिफिकेट घेऊन येतात. मुलींना तर क्यूसीच 'बरं' असं घरातले आणि कंपनीतले एकसुरात सांगतात. मला हे पटत नाही आणि मी गप्पही बसत नाही. सिंथेसिसला वजनं उचलायची नसतात, क्रम पाळायचा असतो.

क्यूसीत टाकलं तर तिथूनच सुरू करा. विचारा, धातूचे अंश कुठे मोजता? रिपोर्ट कसा वाचायचा? कोणत्या स्टेपला कॅटॅलिस्ट आहे? पुण्याची एनसीएल १९५० साली सुरू झाली, तिथे १९८०च्या दशकात डॉ. पॉल रत्नसामी यांच्या गटानं बनवलेला झिओलाइट कॅटॅलिस्ट बडोद्याच्या आयपीसीएलमध्ये झायलीनसाठी लागला. माटुंग्याच्या आयसीटीत कोल्हापूर जिल्ह्यातले प्रा. गणपती यादव यांनी आयुष्यभर घन कॅटॅलिस्टवर काम केलं, पुढे तिथले पहिले कुलगुरू झाले. ही नावं घेतेय कारण मुलं म्हणतात, हे सगळं बाहेरच्या देशात होतं. दोन्ही ठिकाणी नाशिकहून सकाळी निघून दुपारपर्यंत पोचता येतं. सुट्टीतल्या प्रोजेक्टसाठी पत्र लिहा, दोन नाही आली तर तिसरं लिहा. आणि पत्रात 'मला कॅटॅलिसिसमध्ये रस आहे' एवढंच लिहू नका, कोणता प्रयोग केलाय ते लिहा.

इंटरव्ह्यूला काय न्यायचं? वहीची चार पानं. समजा तुम्ही पाण्यातली सुझुकी केली. ब्लँकमध्ये काही आलं नाही. पहिल्या वेळी ९२ टक्के. तोच कॅटॅलिस्ट धुऊन दुसऱ्यांदा ९०. तिसऱ्यांदा ७१. हे ७१ खोडू नका! समोरचा माणूस नेमकं तिथे बोट ठेवणार. विचारेल, का पडलं? धातू द्रावणात गेला का? कसं तपासलं? मग तुम्ही सांगाल की अर्ध्या वाटेत गरम असतानाच गाळून कॅटॅलिस्ट काढला, उरलेलं द्रावण तसंच तापवत ठेवलं, अभिक्रिया पुढे सरकते का ते टीएलसीवर पाहिलं. सरकली तर धातू विरघळून बाहेर आलाय. नाही सरकली तर दुसरं कारण शोधायचं, गाळताना वजन कमी झालं का, कार्बनवर काही चिकटलं का. तिथून पुढे अर्धा तास तो तुमच्याशी बोलत बसेल, आणि सायकल काढून दाखवा असं म्हणायचं बहुतेक विसरेल.

पुढच्या भागात फेज ट्रान्सफर कॅटॅलिस्ट, म्हणजे टीबीएबी. स्वस्त आहे, कारखान्यात सगळीकडे आहे आणि सिलॅबसमध्ये दोन ओळींत उरकलेला आहे. तोवर २१२ मिलिग्रॅमच्या गणितात वेट ५० ऐवजी ६० टक्के धरून उत्तर कमेंटमध्ये टाका. कोरडी १०६ आहे, हे विसरू नका. भेटू.